‘डिप्रेस्ड’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ, मूळ आणि प्रवास

कारंजा लाड हे कापसाचे जुने बाजारगाव. ‘जिनिंग-प्रेसिंग’ हा शब्द येथे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतो. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि प्रेसिंगमध्ये रुई दाबून तिची गाठ बांधली जाते. या ‘प्रेसिंग’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे, या क्रियापदात आहे. इंग्रजीतील ‘डिप्रेस्ड’ हे विशेषण त्याच कुळातले. ‘डि’ म्हणजे खाली. म्हणून ‘डिप्रेस्ड’ म्हणजे खाली दाबलेला.

या शब्दाची भावंडे आपल्या नित्य परिचयाची आहेत. ‘इम्प्रेस’ म्हणजे ठसा उमटवणे, ‘सप्रेस’ म्हणजे दडपणे, ‘एक्स्प्रेस’ म्हणजे आतले बाहेर आणणे, अर्थात व्यक्त करणे. छापखान्याला आपण ‘प्रेस’ म्हणतो, तोही दाबण्याच्या क्रियेमुळेच.

मूळ अर्थ शारीरिक असला तरी लाक्षणिक अर्थांनीच हा शब्द मोठा झाला. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात वाऱ्याचा दाब उतरून जी प्रणाली तयार होते, तिला हवामानशास्त्रात ‘डिप्रेशन’ म्हणतात. विदर्भातील शेतकरी तिच्या पावसाकडे डोळे लावून बसलेला असतो. १९२९ नंतर जगभरचे व्यापारउदीम खचले, त्या महामंदीलाही हेच नाव मिळाले. आणि मन खचले की माणूस ‘डिप्रेस्ड’ झाला, असे आता मराठी घरांतही सर्रास म्हटले जाते.

आपल्या समाजाचा या शब्दाशी आलेला संबंध मात्र याहून खोल आहे. ब्रिटिश राजवटीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सरकारी कागदपत्रांत ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हटले जाई. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले, तेव्हा मराठी नावात ‘निराश्रित’ हा शब्द आला. आश्रय नाही एवढेच तो सांगतो. आश्रय कोणी हिरावला, हे सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली सभा स्थापन केली, तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी’. ‘बहिष्कृत’ म्हणताच बहिष्कार घालणाराही समोर उभा राहतो. १९२८ साली त्यांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी जी शिक्षणसंस्था काढली, तिच्या इंग्रजी नावात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हेच शब्द होते. व्यवहारात तो शब्द वापरावा लागत होता. परंतु बाबासाहेबांना तो मान्य नव्हता. १९३१ च्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह सादर केलेल्या निवेदनात त्यांनी हे नाव हीनत्व दर्शवणारे आहे, ते बदलावे, अशी स्पष्ट मागणी केली. १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले. १९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात भरलेली परिषद ‘डिप्रेस्ड क्लासेस’च्या नावाने भरली आणि तिथेच ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’ स्थापन झाले.

येथे थोडे व्याकरण पाहणे उपयुक्त ठरेल. ‘डिप्रेस्ड’ हे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आहे. दाबलेला म्हटले की दाबणारा कोणीतरी असतोच. आपला ‘दलित’ शब्दही तसाच. संस्कृत ‘दल्’ धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून तो झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्याचा अर्थ दळलेला, तुकडे केलेला असा आहे. पुढे साहित्याने आणि १९७२ च्या ‘दलित पँथर’ने तो अभिमानाने उचलला, कारण त्यात अन्यायाची साक्ष होती.

विशेष म्हणजे ‘बुद्ध’ हा शब्दही त्याच घडणीचा : ‘बुध्’ धातू आणि तोच ‘क्त’ प्रत्यय. अर्थ, जागा झालेला. ‘दलित’मध्ये क्रिया दुसऱ्याने केलेली आहे आणि ती सोसणाऱ्याचे वर्णन आहे, ‘बुद्ध’मध्ये जागा होणारा स्वतःच कर्ता आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी जे नाव स्वीकारले, ते या दृष्टीने पाहावे. पूर्वीची नावे इतरांनी काय केले ते सांगत होती; हे नाव आपण काय करणार आहोत ते सांगते.

आज वसतिगृहातील एखादा मुलगा ‘मी डिप्रेस्ड आहे’ असे म्हणतो, तेव्हा हा सारा अर्थ आठवावा. दाबलेल्या मनावर भार कशाचा आहे, हे आधी विचारावे : परीक्षेचा, घरच्या कर्जाचा, की जातीवरून झालेल्या अपमानाचा? एखाद्या दिवसाची खिन्नता म्हणजे आजार नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप, भूक आणि अभ्यासातील लक्ष उडाले, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून पालकांनी थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही दिवसरात्र उपलब्ध आहे.

मूल बोलू लागले की भार हलका होण्यास आरंभ होतो. ‘डिप्रेस’ आणि ‘एक्स्प्रेस’ हे शब्द एकाच कुळातले आहेत, हे शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे आणि मुलांना बोलण्यास पुरेसा वेळ द्यावा.