भिंती नसलेली संघटना

स्वतःची इमारत वा कायम नोकरवर्ग नसलेल्या 'आभासी' संघटना बदलास कशा सामोऱ्या जातात, याची गणिती प्रारूपे व्यवस्थापनशास्त्र मांडत असते. अहिल्यानगर जिल्ह्यास हा प्रकार नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे गाळप 1950-51 च्या हंगामात सुरू झाले. सभासद, संचालक, यंत्रसामग्री यांचा आराखडा काढता येतो. ऊस तोडणारी टोळी मात्र साखर कारखान्याच्या अशा आराखड्यात दिसत नाही. पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून मुकादम उचल देऊन कोयते जमवितो. (नवरा-बायको मिळून एक कोयता, मोजमापाचे एकक माणूस नव्हे!) हंगाम सरला की टोळी विरते, दिवाळीच्या सुमारास पुन्हा जुळते. तोडलेला ऊस शिळा झाल्यास उतारा घटतो, म्हणून गाळप थांबले की कोयताही थांबतो. मजुरी टनावर असल्याने त्या दिवसाची कमाई शून्य. अवर्षणाने हंगाम आखूड झाला तर न फिटलेली उचल पुढील वर्षावर चढते. या लवचिकतेची किंमत कोण भरतो, हे पद समीकरणात सहसा नसतेच. ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीसाठी राज्य शासनाने 2023 मध्ये अनुदानाची योजना आणली. टोळीच्या डोक्यावरील उचल मात्र मुकादमाच्या वहीतच राहिली आहे.