धूर हवा, तर हवा अडवा

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. या नदीवर मासेमारी करून जगणारी ढिवर समाजाची कुटुंबे काठच्या गावांतून राहतात. उन्हाळ्यात मासळी वाळवायला ऊन पुरते. पावसाळ्यात मात्र ऊन नसते, हवा दमट असते आणि मासा तर काही तासांतच बिघडू लागतो. अशा वेळी माणसाच्या हाताशी असणारा फार जुना उपाय म्हणजे चूल आणि तिचा धूर. लक्षद्वीपच्या बेटांवर टूना मासा उकडून, धुरावर धरून आणि मग वाळवून ‘मासमीन’ तयार करतात, तो याच उपायाचा एक प्रकार.

आज अनेक घरांत धुरावरची मासळी किंवा कोंबडी टिकवण्यासाठी नव्हे, तर चवीसाठी, वर्षातून चार-सहा वेळा अंगणात केली जाते. त्यासाठी कमी कष्टाचे साधन कोणते? प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो. पण त्याचे उत्तर शाळेतल्या विज्ञानातच सापडते.

धुरात काय असते?

लाकडात हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन हे तीन मुख्य घटक असतात. सुमारे २०० अंश से.च्या पुढे ते क्रमाक्रमाने विघटित होऊ लागतात. पहिल्या दोघांपासून ॲसेटिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड अशी संयुगे मिळतात. लिग्निनपासून फिनॉल गटातली ग्वायकॉल, सिरिंगॉल ही संयुगे. धुराचा खास वास मुख्यतः या फिनॉलांचा. आम्ल आणि फॉर्माल्डिहाइड जंतूंची वाढ रोखतात, तर फिनॉल चरबी खवट होऊ देत नाहीत.

मात्र ही संयुगे मांसाच्या वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे फारशी जात नाहीत. आतला भाग टिकतो तो मीठ मुरल्यामुळे आणि पाणी कमी झाल्यामुळे. म्हणून अंगणात पाच-सहा तास धुरावर ठेवलेली कोंबडी ‘टिकाऊ’ झाली असे समजणे धोक्याचे आहे. ती शिजलेली कोंबडी आहे. तिच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७५ अंशांपर्यंत गेल्याची खात्री करावी आणि ती त्याच दिवशी संपवावी.

कष्ट कशाचे पडतात?

मांसातले चिवट कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन होण्यासाठी मंद आच बराच वेळ लागते. भट्टीतली हवा १०५ ते १२० अंशांच्या दरम्यान चार-सहा तास राहिली पाहिजे. उघड्या चुलीवर हे जमत नाही. लाकूड भडकते, मग विझू लागते आणि माणूस सारखा फुंकर घालत किंवा लाकूड ओढत बसतो. खरे कष्ट हेच आहेत.

आता थोडे गणित करू. १ किलो कार्बन पूर्ण जळायला २.६७ किलो ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो; म्हणजे हवा लागेल सुमारे ११.६ किलो, आकारमानाने जवळजवळ १० घनमीटर. समजा, आपल्या भट्टीला तासाला पाव किलो कोळसा पुरतो. तर हवा हवी तासाला अडीच घनमीटर, म्हणजे सेकंदाला पाऊण लिटरहूनही कमी! एवढी हवा दोन-तीन लहान भोकांतून सहज येते. तेव्हा कोळसा कितीही भरलेला असो, भोके लहान ठेवली की आग मोठी होऊच शकत नाही. आग लाकडाने नव्हे, हवेने आवरायची. साधन निवडण्याची खरी कसोटी हीच.

कोणते साधन?

विटांची भट्टी रोज वापरणाऱ्याला चांगली. शंभर विटा म्हणजे सुमारे ३०० किलो वजन. तेवढ्याला ८० अंशांनी तापवायलाच जवळजवळ २० मेगाज्यूल उष्णता लागते. कधीमधी वापरणाऱ्याचे ते इंधन वायाच जाते. भुशाच्या गोळ्यांवर चालणारी विजेची यंत्रे आपोआप तापमान राखतात. पण ती महाग असतात, आणि वीज गेली की थांबतात. फक्त धुराचा वास हवा असेल, तर पातेल्यात वाटी ठेवून, तिच्यातल्या निखाऱ्यावर तूप सोडून झाकण लावण्याचा घरगुती धुंगार पुरे.

मधला मार्ग म्हणजे झाकणाचा लोखंडी ड्रम. खाद्यतेलाचा रिकामा ड्रम घ्यावा, रसायनांचा कधीच नको. आतला रंग व लेप आधी जाळून काढावा. तळाशी २ सेंमी व्यासाची तीन-चार भोके, त्यांवर सरकती पत्र्याची झाकणे, वर एक धुराडे आणि एक तापमापी, एवढे पुरते. धुराडे नेहमी उघडे ठेवावे. नियंत्रण खालच्या भोकांनी करावे. कोळसा न पेटवता भरून त्यावर मूठभर निखारे ठेवले, की आग उदबत्तीसारखी हळूहळू सरकते. कोळशात वाळलेल्या आंब्याच्या किंवा पेरूच्या लाकडाचे दोन-तीन तुकडे घालावेत. ओल्या लाकडाचा दाट पांढरा धूर कडवट चव देतो. पातळ, निळसर धूर चांगला.

मांस ६५-७० अंशांवर आले की तापमान तासभर हलत नाही. नवखा माणूस इथे घाबरून कोळसा वाढवतो. वास्तविक पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन उष्णता खर्च करत असते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. थांबावे, एवढेच.

धोके

चरबी निखाऱ्यावर ठिबकली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे तयार होतात. युरोपीय संघाने २०१४ पासून धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जाळीखाली पाण्याचे घमेले ठेवल्यास चरबी त्यात पडते आणि तापमानही स्थिर राहते. बिब्ब्याचे लाकूड मुळीच जाळू नये; त्याच्या धुराने अंग व डोळे सुजू शकतात. कण्हेर आणि रंग दिलेले लाकूडही नको. हवा अडवलेल्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. म्हणून ही भट्टी घरात किंवा बंद पडवीत कधीही लावू नये.

वर्गात करण्याजोगे

परीक्षानळीत लाकडाचे बारीक तुकडे घालून तापवा. नळीच्या तोंडाशी ओला निळा लिटमस धरा. तो लाल होईल. मग विद्यार्थ्यांना विचारा : नळीत ज्वाला का दिसत नाही, आणि नळीबाहेर येणारा धूर काडी धरताच का पेटतो? ज्याला याचे उत्तर आले, त्याला ड्रमची भोके किती उघडी ठेवायची हे वेगळे सांगावे लागणार नाही.