रोवणी शिकवायची कशी? इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाविषयी

आज इथे बी.एड. झालेले बरेच जण दिसतात. काही शाळेत शिकवतात, काही जण नागपूरला एखाद्या कंपनीत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मजकूर लिहितात. साऱ्यांचा प्रश्न एकच: इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर अर्ज कुठे करायचा, आणि त्यात लिहायचं काय?

आधी विषय समजून घेऊ. पुष्कळांना वाटतं, हे म्हणजे पीपीटी आणि अॅनिमेशन. तसं नाही. आपल्या भंडारा जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. बांधीत नेहमीच्या रोवणीत एका जागी दोन-तीन किंवा जास्त परे लावतात. श्री पद्धतीत आठ ते बारा दिवसांचा एकच कोवळा परा, साधारण २५ सेंटिमीटर अंतरावर लावायचा. आता हे रोवणी करणाऱ्या बायांना शिकवायचं आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक जण म्हणतील, व्हिडिओ बनवू.

डिझाइनर आधी तीन गोष्टी विचारतो. शिकणारी कोण आहे? शिकून झाल्यावर तिला नेमकं काय करता आलं पाहिजे? आणि ते तिला जमलं, हे आपल्याला कशावरून कळणार? मग तो बांधावर जाऊन पाहतो. तिथे कळतं की या बायांना रोवणी आपल्यापेक्षा कितीतरी चांगली येते. अडचण वेगळीच आहे. काम एकरी ठेक्याने असेल, तर एकेक परा जपून लावण्यात त्यांचीच मजुरी बुडते. म्हणजे इथे खोट ज्ञानात नाही, मजुरीच्या हिशेबात आहे. कितीही सुंदर व्हिडिओ केला तरी तो हिशेब बदलणार नाही. प्रश्न शिकवण्याने सुटणारा आहे की नाही, हे ओळखणं ही या विषयाची पहिली पायरी. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० साली यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं.

हा विषय वाढला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेला लाखो सैनिकांना थोडक्या वेळात यंत्रं चालवायला शिकवायचं होतं, त्यासाठी मानसशास्त्रज्ञ कामाला लावले. पुढे १९५६ मध्ये ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण आलं, ते बी.एड.ला तुम्ही पाठ केलंच आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट गान्ये यांचं पुस्तक आलं. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन ही पाच पायऱ्यांची चौकट १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी केलेल्या कामातून पुढे आली. आपल्याकडे त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले.

आता शिकायचं कुठे? मुंबईला जुहूच्या आवारात एसएनडीटी महिला विद्यापीठाचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आहे. आयआयटी मुंबईत २०१० पासून याच विषयात पीएच.डी. करता येते. घर किंवा नोकरी सोडता येत नसेल, तर इग्नूचे दूरशिक्षणातले अभ्यासक्रम आहेत, आणि त्यांचं प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. लक्षात ठेवा, आपल्याकडे पदवीचं नाव बहुधा 'शैक्षणिक तंत्रज्ञान' असतं. फक्त 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' शोधत बसलात तर निम्म्या जागा हातून जातील. पात्रता, शुल्क आणि तारखा त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहा. दूरशिक्षणाचा कोर्स असेल तर यूजीसीची मान्यता आधी तपासा, पैसे नंतर भरा. नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज लवकर टाका, फाईल फिरायला वेळ लागतो.

परदेशी विद्यापीठं साधारण चार गोष्टी मागतात: गुणपत्रकं, इंग्रजीची परीक्षा, शिफारसपत्रं आणि उद्देशपत्र. खर्च मोठा असतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहे. त्यांच्या अटी आधी वाचा आणि विद्यापीठं त्या हिशेबाने निवडा. आधी प्रवेश घ्यायचा नि मग शिष्यवृत्ती शोधायची, हा उलटा क्रम महागात पडतो.

आता उद्देशपत्र. 'मला लहानपणापासून शिकवण्याची आवड आहे' अशी सुरुवात शेकडो अर्जांत असते. वाचणाऱ्याला त्यातून तुमच्याविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी एक अडचण घ्या. समजा, चौथीतली मुलं बेरीज-वजाबाकी तोंडी बरोबर करतात, पण शाब्दिक उदाहरण आलं की अडतात. का अडतात? तुम्ही पाहिलंत, की मुलं घरी झाडीबोली बोलतात आणि उदाहरणातलं वाक्य पुस्तकी मराठीत आहे. मग तीच उदाहरणं तुम्ही त्यांच्या बोलीत सांगून पाहिलीत. किती मुलांना जमलं, किती जणांना तरीही नाही जमलं, ते लिहा. न जमलेल्यांविषयी तर जरूर लिहा, कारण तुम्हाला पुढे शिकायचं आहे ते नेमकं तिथूनच सुरू होतं. आणि शेवटी, या विभागात तुम्हाला कोणतं कौशल्य हवं आहे ते नाव घेऊन सांगा.

कामाचा नमुना मागितला तर चकचकीत व्हिडिओच हवा असं नाही. दोन पानांचा पाठ-आराखडा, मुलांनी सोडवलेला कागद आणि त्यानंतर तुम्ही आराखड्यात काय बदललं, एवढं पुरतं. मुलांची नावं मात्र झाकून टाका. शिफारसपत्र मोठ्या पदाच्या माणसापेक्षा तुमचा तास पाहिलेल्या माणसाकडून घ्या. आणि पैसे देऊन उद्देशपत्र लिहून घेऊ नका. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडतं.

कुणी म्हणेल, पुण्या-मुंबईच्या मुलांपुढे आमचा टिकाव कसा लागणार? सॉफ्टवेअर त्यांना जास्त येत असेल, ते तीन महिन्यांत शिकता येतं. पण लाखांदूरच्या किंवा पवनीच्या शाळेतलं मूल नेमकं कुठे अडतं, हे शिकायला तिथे वर्षं काढावी लागतात. ती तुम्ही काढली आहेत. अर्जात तेच लिहा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.