आयमारा शेतकऱ्यांची शेती : श्रद्धा आणि शास्त्र



बटाटा हे पीक आपल्या देशात पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरले. त्याचे मराठी नावही त्यांच्याच भाषेतून आले. मात्र या पिकाचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आहे. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवरील टिटिकाका सरोवराच्या आसपास सुमारे ७ ते ८ हजार वर्षांपूर्वी रानटी बटाटा लागवडीखाली आला, असे मानले जाते. या भागात आज प्रामुख्याने आयमारा आणि केचुआ हे मूळनिवासी शेतकरी राहतात. त्यांच्या शेतीत देवधर्म, चालीरीती आणि पीकपद्धती एकमेकांत गुंफलेल्या आहेत. बाहेरून आलेल्यांनी त्याला बराच काळ अडाणीपणा म्हटले. शास्त्रज्ञांनी तपासणी केली तेव्हा काय आढळले, ते या लेखात पाहू.

प्रदेश व इतिहास

टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाई शिखराच्या दुपटीहून अधिक. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो. जून-जुलै हा तेथील हिवाळा असून रात्री पाणी गोठते. उभ्या पिकाला थंडीचा फटका ऐन हंगामातही बसू शकतो.

सरोवराच्या दक्षिणेस इ. स. ५०० ते ११०० या काळात तिवानाकू हे मोठे नगर भरभराटीस आले. पुढे पंधराव्या शतकात आयमारा राज्ये इंका साम्राज्याने जिंकली आणि सोळाव्या शतकात स्पेनची सत्ता आली. १५४५ मध्ये पोतोसी येथे चांदी सापडल्यानंतर या लोकांना खाणीत सक्तीने राबविण्यात आले. १७८१ मध्ये तुपाक कतारी या आयमारा पुढाऱ्याने ला पाझ शहराला वेढा घातला, पण उठाव चिरडला गेला. बोलिव्हियातील जमीनदारांची वेठबिगारी १९५३ च्या जमीन सुधारणेने संपली. एवढ्या उलथापालथीतही त्यांची पीकपद्धती बऱ्याच अंशी टिकून राहिली.

कृत्तिका पाहून लागवड

दरवर्षी २४ जूनच्या सुमारास तेथील शेतकरी पहाटे डोंगरावर चढून कृत्तिका नक्षत्र पाहतात. तारे ठळक दिसले तर पाऊस वेळेवर व चांगला, अंधूक दिसले तर पाऊस उशिरा व कमी, असा त्यांचा ठोकताळा आहे. तारे अंधूक दिसल्यास बटाट्याची लागवड काही आठवडे लांबविली जाते.

ऑर्लोव्ह, चियांग आणि केन या शास्त्रज्ञांनी याचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एल निनोच्या वर्षी जूनमध्ये त्या भागावर फार उंचीवर विरळ ढगांचा थर वाढतो. तो नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही, पण त्यामुळे तारे मंद दिसतात. त्याच वर्षी पुढे पाऊस कमी पडतो. हा अंदाज दरवेळी खरा ठरतो असे नाही, परंतु त्यामागे कारण आहे.

आपला मृग ठरलेल्या तारखेस निघतो. त्यांच्या कृत्तिका मात्र दरवर्षी नव्याने पाहाव्या लागतात, म्हणून त्या वर्षीच्या हवेची खूण त्यांत मिळते. हा ठोकताळा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, कारण जूनअखेर आपले आकाश मोसमी ढगांनी भरलेले असते.

गावाची फेरपालट

आयमारा गावाची जमीन अनेक मोठ्या पट्ट्यांत विभागलेली असते. या पद्धतीला ते ‘आयनुका’ म्हणतात. प्रत्येक कुटुंबाचे तुकडे निरनिराळ्या पट्ट्यांत असतात, पण कोणत्या पट्ट्यात कोणते पीक हे गाव ठरवते. पहिल्या वर्षी बटाटा, नंतर किनोआ किंवा सातूसारखी पिके आणि मग कित्येक वर्षे पडीक. पडीक पट्ट्यात मेंढ्या व लामा चरतात, त्यांचे खत जमिनीला मिळते.

या पद्धतीने बटाट्यावरील सूत्रकृमीस आळा बसतो. त्याची अंडी कवचात वर्षानुवर्षे टिकतात, पण यजमान पीक नसेल तर त्यांची संख्या हळूहळू घटते. हाच सूत्रकृमी १९६१ मध्ये आपल्या देशात निलगिरीत आढळला आणि तेथेही फेरपालटीचीच शिफारस करावी लागली. एकट्या शेतकऱ्याने फेरपालट केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर फायदा अपुरा राहतो. आयमारा गावाने नेमके हे ओळखले आहे.

चुनो : थंडीने वाळविलेला बटाटा

जून-जुलैच्या गोठविणाऱ्या रात्री बटाटे उघड्यावर पसरतात. दिवसा उन्हात ते वितळले की पायांनी तुडवून पाणी व साल काढतात आणि वाळवितात. हा ‘चुनो’ वर्षानुवर्षे टिकतो. थंडीस दाद न देणाऱ्या काही जाती कडू व अपायकारक असतात. त्या वाहत्या पाण्यात काही आठवडे ठेवून मग वाळविल्या जातात, म्हणजे कडू द्रव्य निघून जाते. ज्या थंडीने पीक मरते तीच थंडी येथे साठवणुकीच्या कामी लावली आहे.

गादीवाफ्यांचा धडा

सरोवराकाठी पाणथळ जमिनीत उंच रुंद वाफे आणि त्यांच्या बाजूंनी पाण्याचे चर अशी प्राचीन रचना आढळते. चरातील पाणी दिवसाची उष्णता धरून ठेवते व रात्री सोडते, त्यामुळे थंडीची तीव्रता कमी होते. चरातील गाळ वाफ्यावर टाकून सुपीकता राखतात. १९८० नंतर संशोधकांनी पेरूमधील वाता गावात असे वाफे पुन्हा तयार केले. सुरुवातीच्या वर्षांत बटाट्याचे उत्पादन हेक्टरी सरासरी १० टनांच्या आसपास आले. त्या भागात एरवी १ ते ४ टन मिळत असे.

तरीही बाहेरून येणारी मदत थांबल्यावर पुष्कळ वाफे ओस पडले. त्यांना मजूर फार लागतात. ‘आयनी’ म्हणजे आपल्या सावडीसारखी एकमेकांच्या शेतावर राबण्याची रीत तेथे आहे, पण तरुण मंडळी शहराकडे जाऊ लागल्यावर हात कमी पडले. जुनी पद्धत चांगली असली तरी तिच्या पाठीमागची माणसे नसतील तर ती चालत नाही.

आपण काय घ्यावे?

ऑगस्टमध्ये आयमारा शेतकरी पचामामा म्हणजे धरणीमातेला नैवेद्य देतात आणि मगच नवा हंगाम सुरू करतात. लातूर, धाराशिव भागात वेळ अमावास्येला शेतात पूजा करणाऱ्यांना ही भावना सहज कळेल. पूजेने उत्पादन वाढते असे नाही. पण कृत्तिका, आयनुका व चुनो या रीतींत अनेक पिढ्यांची निरीक्षणे साठली आहेत, हे तपासणीनंतरच समजले.

म्हणून घरातील वडीलधारी मंडळी सांगतात ते ठोकताळे वहीत लिहून ठेवा. त्यांतील एखादा निवडून चार-पाच गुंठ्यांवर दोन-तीन हंगाम करून पाहा आणि शेजारी शिफारशीप्रमाणे पीक घ्या. दोन्हींचा खर्च, मजूर व उत्पादन यांची नोंद ठेवून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पटले तर ठेवा, नाही पटले तर सोडा, पण तपासल्याशिवाय टाकू नका.

आयमारा भाषेत ‘नायरा’ या एकाच शब्दाचे डोळा, समोर आणि भूतकाळ असे अर्थ होतात. घडून गेलेले दिसते म्हणून ते समोर, आणि येणारे दिसत नाही म्हणून ते पाठीमागे, असे ते मानतात. पुढील हंगामाची तयारी करताना मागील हंगामाची वही समोर ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.