जुन्या जीपचे हेड फेस करण्याआधी

जुन्या गाड्या जपणारे शौकीन गॅरेजवाल्यांकडे हमखास एक फर्माईश करतात: ‘उस्ताद, हेड जरा फेस करून द्या, ताकद वाढेल.’ काम छोटे, मजुरी रोख. परंतु हिशोब न मांडता केलेले हे काम गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांनाही महाग पडते. तो हिशोब आम्ही येथे मांडत आहोत.

उदाहरण विलीज जीपचे घेऊ. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ या नावाने सुरू झालेल्या व १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालेल्या कंपनीने मुंबईत या जीपची जोडणी केली. जुन्या जीपचे ‘गो डेव्हिल’ इंजिन सपाट हेडचे. त्यात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असतात; हेड म्हणजे केवळ वरचे झाकण. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला. त्याला हा हिशोब लागू नाही, म्हणून आधी इंजिन ओळखावे.

गो डेव्हिलचे चार सिलिंडर मिळून सुमारे २२०० सीसी, म्हणजे एकाचे ५५०. कॉम्प्रेशन रेशो ६.४८. याचा अर्थ पिस्टन अगदी वर आला की पॅकिंगच्या जाडीसह १०० सीसी जागा उरते. रेशो ७ करायचा तर ही जागा ९२ सीसीवर आणली पाहिजे. समजा हेडमधील खळग्याचे तोंड ७० चौरस सेंटीमीटर आहे. तर एक मिलिमीटर कापल्यावर ७ सीसी कमी होतील. म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आतच काम भागते. आपल्या हेडचे खरे माप मात्र चौकटीच्या कागदावर खळग्याची कड उतरवून आपणच काढावे.

आता नफा पाहा. पुस्तकी सूत्राने ६.४८ वरून ७ वर गेल्यास तेवढ्याच पेट्रोलमधून जेमतेम ३ टक्के जास्त काम मिळते. तोटा कोठे होतो? या इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण व्हॉल्व्हमधून वर येते, हेडच्या छताखाली वळते आणि मग आडवे सिलिंडरमध्ये जाते. छत खाली आणले की ही वाट अरुंद होते. रेशो वाढतो, पण सिलिंडर पुरता भरत नाही. हाव वाढली की हातचा नफाही जातो. शिवाय हेड पातळ होऊन वाकते, पॅकिंग फुटते.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम गेज लावून चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन तपासावे. रिंग घासल्या असतील किंवा व्हॉल्व्ह गळत असतील तर हेड कापून काहीही साधणार नाही. मग प्लग बसवून हेड उलटे, समपातळीत ठेवावे आणि प्रत्येक खळग्यात मोजून रॉकेल भरावे. कारण ते हेड पूर्वी कोणी कापले असेल, हे डोळ्यांना कळत नाही. त्यानंतर व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर मऊ मातीचे गोळे ठेवून, जुने पॅकिंग घालून हेड आवळावे, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे आणि उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजावी. जेवढे कापणार तेवढे वजा करून सुमारे दीड मिलिमीटर उरलेच पाहिजे. नाहीतर व्हॉल्व्ह हेडला ठोकेल.

काम झाल्यावर नवे पॅकिंग घालावे, बोल्ट मॅन्युअलमधील क्रमाने आवळावेत आणि इंजिन तापवून पुन्हा तपासावेत. आज साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ असते, त्यामुळे ७ रेशोला अडचण नाही. तरी चढावर नॉकिंग ऐकू आल्यास टायमिंग थोडे मागे घ्यावे.

कापडाच्या धंद्यात थान फाडण्याआधी गज दोनदा लावतात. येथेही तेच. उतरवलेले लोखंड पुन्हा चढत नाही, आणि जुन्या जीपचे चांगले हेड बाजारात सहज मिळत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच स्पष्ट सांगावे. एखादे काम कमी मिळेल, पण गॅरेजवरचा भरवसा टिकेल.