माव्याच्या अंगातले बिऱ्हाडकरू

पौष महिन्यात वाटाण्याच्या किंवा वालाच्या वेलाचा कोवळा शेंडा हातात घेऊन नीट पाहा. टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किंवा काळे किडे त्याला दाटीवाटीने चिकटलेले दिसतील. हाच मावा. ढगाळ हवा आली की “आता मावा पडणार” असे शेतकरी म्हणतात, आणि पुढे ऊन तापू लागले की तो हळूहळू ओसरतो. ओसरण्याची कारणे पुष्कळ आहेत. वेल जून होतात, ढालकिडे माव्याचा फडशा पाडतात. पण उष्णतेचाही त्यात वाटा असतो, आणि ही उष्णता माव्याला नेमकी कोठे गाठते याची हकीगत मोठी मनोरंजक आहे.

मावा आपली सोंड खुपसून झाडाचा रस पितो. या रसात साखर इतकी असते की उरलेली चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. परंतु शरीर घडविण्यास लागणारी ॲमिनो आम्ले त्यात फारच थोडी. नुसत्या उसाच्या रसावर मूल वाढवावे, तसाच हा प्रकार! तरीही मावा झपाट्याने वाढतो, कारण त्याच्या शरीरातील खास पेशींमध्ये लाखो जीवाणू बिऱ्हाड करून असतात. पॉल बुक्नर या जर्मन जीवशास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना ‘बुक्नेरा’ म्हणतात. माव्याला हवी असलेली ॲमिनो आम्ले ते तयार करून देतात. हेच त्यांचे घरभाडे. आईकडून पिलांकडे ते जन्मापूर्वीच पोचतात. बुक्नेरावाचून माव्याचा वंश चालत नाही आणि माव्याबाहेर बुक्नेरा जगत नाही.

हा संसार दहा कोटींहून अधिक वर्षे चालू आहे. इतका काळ घरात बसून काढल्यावर बुक्नेराने बरेच सामान टाकून दिले. त्याचा आनुवंशिक मजकूर जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली संपूर्ण वाचला. तो भरला सुमारे ६ लाख ४० हजार अक्षरांचा. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूचा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा आहे. जो घराबाहेर पडतच नाही त्याला छत्री कशाला?

पण उष्णता घरातही शिरते. बाहेर वैशाख असो की पौष, आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. माव्याचे शरीर मात्र हवेबरोबर तापते व निवते, आणि त्याबरोबर बुक्नेराही. समजा, हवा २० अंशांवरून ३५ अंशांवर गेली. केल्विन मापात हा बदल २९३ वरून ३०८, म्हणजे जेमतेम ५ टक्के. वायूच्या नियमांची गणिते करणाऱ्याला तो किरकोळ वाटेल. पण प्रथिनाच्या लांबलचक रेणूची घडी अतिशय दुर्बळ बंधांनी टिकलेली असते. रेणूंची धडपड थोडी वाढली तरी ती उलगडू लागते, आणि उलगडलेली प्रथिने एकमेकांत गुंतून निकामी होतात. अंडे उकडताना पांढरे होते ते यामुळेच. म्हणून सजीवांच्या पेशी उष्णता वाढताच काही मदतनीस प्रथिने तयार करून बाकीच्यांना सावरून धरतात.

बुक्नेराकडेही असे मदतनीस आहेत, पण मोजके. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात हेलन डनबार, नॅन्सी मोरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ साली एक विलक्षण गोष्ट आढळली. वाटाण्यावरील माव्याच्या काही वंशांत, बुक्नेराच्या अशा एका मदतनीस प्रथिनाचे जनुक सुरू करणाऱ्या भागातील एक अक्षर गळले होते. साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरांतले फक्त एक! या वंशाच्या पिलांना काही तास ३५ अंशांच्या उष्णतेत ठेवले. ती मोठी झाली तेव्हा त्यांच्या अंगात बुक्नेरा जवळजवळ उरलेच नव्हते, आणि त्यांना पिले फारच थोडी झाली किंवा मुळीच झाली नाहीत. ज्यांच्या बुक्नेरात ते अक्षर शाबूत होते, त्यांचे मात्र ठीक चालले.

मग हा सदोष वंश टिकलाच कसा? उत्तर पुढच्या प्रयोगात मिळाले. १५ ते २० अंशांच्या थंडाव्यात याच माव्याला दुसऱ्यांपेक्षा अधिक वेगाने पिले होत होती. थंड वर्षी जो फायदा, तोच कडक उन्हाच्या वर्षी घात.

येथे चौकस विद्यार्थी विचारील : कशावरून दोष बुक्नेराचाच? तो मावाच मुळात नाजूक असेल! शंका रास्त आहे. २०१५ साली मोरान आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिचे निरसन केले. उष्णता न सोसणाऱ्या माव्यातील मूळचे बुक्नेरा त्यांनी घालविले आणि काटक वंशातील बुक्नेरा बारीक सुईने टोचून त्यांच्या जागी वसविले. मावा तोच, बिऱ्हाडकरू नवे. आता तो मावा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसू लागला. माव्याची उष्णतेची मर्यादा म्हणून आपण जी मोजत होतो, ती बुक्नेराची मर्यादा होती.

असाच व्यवहार समुद्रातही चालतो. प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात व सूर्यप्रकाशात अन्न तयार करून प्रवाळांना पुरवितात. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर ही जोडी फुटते. शैवाले निघून जातात, प्रवाळ पांढरेफटक पडतात आणि पुष्कळसे उपासमारीने मरतात. १९९८ साली लक्षद्वीपच्या बेटांभोवती असे फार मोठ्या प्रमाणावर घडले. काही प्रवाळांत अधिक काटक जातीची शैवाले असतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील प्रयोगांत त्यांच्यामुळे प्रवाळांची सहनशक्ती १ ते १.५ अंशाने वाढल्याचे दिसले. पण अशा प्रवाळांची वाढ मंदावते. माव्याचाच सौदा, फक्त उलट बाजूने.

बिऱ्हाडकरू यजमानाला त्याच्या मूळच्या मर्यादेपलीकडेही नेतो, याचे उदाहरण अमेरिकेतील यलोस्टोन येथे आहे. तेथील उष्ण झऱ्यांजवळच्या तापलेल्या जमिनीत एक गवत उगवते. त्याच्या अंगात एक बुरशी राहते. गवत एकटे किंवा बुरशी एकटी, कोणीही ३८ अंशांपलीकडे तग धरत नाही. दोघे एकत्र असले तर काही काळ ६५ अंशांची जमीनही सोसतात. २००७ साली याचा उलगडा होताना आणखी एक भाडेकरू सापडला. बुरशीच्या आत एक विषाणू होता! विषाणू काढून टाकलेली बुरशी गवतात सोडली, तर गवत उष्णतेत मरे. विषाणू पुन्हा बुरशीत घातला की गवत जगे. मग संशोधकांनी ही विषाणूसह बुरशी टोमॅटोच्या रोपांत सोडून पाहिली. ती रोपेही इतर रोपांपेक्षा अधिक उष्णता सोसू लागली.