आकडेवाल्या सिनेमांत आपली गोष्ट कुठे?

हल्ली सिनेमाच्या नावापुढे आकडा नसला तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. २०२४ च्या दिवाळीत ‘सिंघम अगेन’ आणि ‘भूलभुलैया ३’ एकाच दिवशी लागले. दोन्ही तिसरे भाग. त्याआधी पंधरा ऑगस्टला ‘स्त्री २’ येऊन धो-धो चालला होता. तिकडे हॉलिवूडमध्ये त्या वर्षी जगभर सर्वांत जास्त कमाई केलेल्या दहा सिनेमांपैकी नऊ सिनेमे जुन्याच कुठल्या तरी सिनेमाचे पुढचे नाहीतर मागचे भाग होते. उरला ‘विकेड’. तोही एका गाजलेल्या संगीत नाटकावरून घेतलेला.

‘मग बिघडलं कुठे? मुलं खूश, आपण खूश,’ असं कुणीही म्हणेल. खरं सांगायचं तर ‘फ्रोझन’चे दोन्ही भाग मीही आवडीने पाहिलेत. ओळखीची माणसं पुन्हा भेटली की बरं वाटतंच. पण स्टुडिओकडचा पैसा म्हणजे घरातल्या महिन्याच्या पगारासारखा असतो. एकीकडे भरमसाट खर्च झाला की दुसरीकडे हात आखडता घ्यावा लागतो. तो कुणाच्या बाबतीत आखडला जातो, हे बघण्यासारखं आहे.

त्यासाठी एक खरी गोष्ट सांगते. हॉलिवूडच्या ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ या जुन्या, बड्या स्टुडिओत ‘फॉक्स २०००’ नावाचा एक विभाग होता. १९९४ मध्ये तो लॉरा झिस्किन या बाईंच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. पुढे जवळपास वीस वर्षं एलिझाबेथ गॅब्लर यांनी तो सांभाळला. गॅब्लरबाईंना पुस्तकांची भारी ओढ. चांगलं पुस्तक हेरायचं, त्याचे हक्क घ्यायचे आणि बेताच्या खर्चात सिनेमा करायचा, ही त्यांची रीत. ऑफिसातल्या खडूस बॉसबाईचा ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’ (२००६) त्यांच्याकडचा. आपले इरफान खान आणि तब्बू ज्यात होते, तो ‘लाइफ ऑफ पाय’ (२०१२)ही त्यांच्याकडचाच.

आणि २०१६ चा ‘हिडन फिगर्स’. तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. अमेरिकेच्या ‘नासा’मध्ये अवकाशयानांचे हिशेब करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय बायकांची ही खरी कहाणी. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन. माणसाला अवकाशात पाठवणाऱ्या गणितात यांचा हात होता, पण बाहेरच्या जगाला नावंही ठाऊक नव्हती. सिनेमात कॅथरीनला नव्या ऑफिसात स्वच्छतागृहच नसतं, म्हणजे तिच्या वर्णाच्या बाईसाठी नसतं. हातात फायली घेऊन ती लांबच्या इमारतीपर्यंत धावत जाते आणि धावत परत येते. हा प्रसंग पाहताना मला आपल्याकडच्या किती तरी नोकरदार बायका आठवल्या. बाहेर सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या! देश वेगळा, काळ वेगळा, पण धावपळ ओळखीची. हा सिनेमा अडीच कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्याने तेवीस कोटींहून जास्त मिळवले. म्हणजे नुकसानीचा धंदा नव्हता, हे लक्षात घ्या.

मार्च २०१९ मध्ये डिस्ने कंपनीने फॉक्सचा सिनेमा-टीव्हीचा बहुतेक कारभार सुमारे ७१ अब्ज डॉलरला विकत घेतला. व्यवहार पूर्ण झाला आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली, ‘फॉक्स २०००’ बंद होणार.

डिस्नेकडे तेव्हा काय कमी होतं? ‘टॉय स्टोरी’वाली पिक्सार त्यांनी २००६ मध्येच घेतली होती. सुपरहीरोंची मार्व्हल २००९ मध्ये आणि ‘स्टार वॉर्स’वाली लुकासफिल्म २०१२ मध्ये. २०१९ साली जगात सर्वाधिक कमाईच्या पहिल्या दहा सिनेमांतले सात एकट्या डिस्नेचे होते आणि ते सातही जुन्या, ठरलेल्या नावांवर उभे. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ने एकट्याने पावणेतीन अब्ज डॉलरहून जास्त गोळा केले. अशा घरात तीन गणिती बायकांच्या सिनेमाला कोण विचारणार?

यामागचं गणित समजायला फार अवघड नाही. नवी गोष्ट असली की आधी लोकांना ती काय आहे ते सांगावं लागतं आणि जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा जातो. जुन्या नावाला ओळख लागत नाही. मारामारी आणि करामती कुठल्याही भाषेत कळतात, पण घरातली घुसमट सांगायला शब्द लागतात. पूर्वी मध्यम खर्चाचे सिनेमे थिएटरात बेताचे चालले, तरी नंतर डीव्हीडीच्या विक्रीतून सावरायचे. ती विक्री संपली. आणि खेळण्यांची कमाई वेगळीच. एल्साचा निळा झगा, एल्साचं दप्तर, एल्साची पाण्याची बाटली आपल्या तालुक्याच्या बाजारातही मिळते. कॅथरीन जॉन्सनचं दप्तर कोण घेणार?

पण एक गोष्ट हे हिशेबनीस विसरतात. २०१३ मध्ये पहिला ‘फ्रोझन’ आला तेव्हा एल्साला कोण ओळखत होतं? राजपुत्राने येऊन सोडवण्याऐवजी बहिणीने बहिणीला वाचवलं, हे त्यातलं नवेपण लोकांना भावलं. आपल्याकडचा पहिला ‘स्त्री’ (२०१८) हाही मोठ्या नावाच्या आधाराशिवाय आलेला सिनेमा. आज ज्याचा तिसरा-चौथा भाग निघतो, त्याच्यावरही कधीतरी कुणीतरी हिंमत करून पहिल्यांदा पैसा लावलेला असतो. विरजण कितीही जुनं चालतं, पण दूध रोज ताजंच लागतं. नुसत्या विरजणावर दही लागेल का?

गॅब्लरबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. आपल्या माणसांना घेऊन त्या सोनी कंपनीत गेल्या आणि ‘३००० पिक्चर्स’ नावाने नवं बिऱ्हाड मांडलं. तिथून २०२२ मध्ये ‘व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग’ आला. दलदलीत एकटीने वाढलेल्या मुलीची ही गोष्ट, अर्थात पुस्तकावरूनच. खर्च अडीच कोटी डॉलरच्या आत, कमाई चौदा कोटींच्या आसपास. म्हणजे बघणाऱ्या बायका कुठे गेल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी सिनेमा काढणारं दार तेवढं बंद झालं होतं.

आपल्या मराठीत तर हे आपणच दाखवून दिलंय. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. लेखन वैशाली नाईक यांचं. पडद्यावर सहा बहिणी, बहुतेकींनी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली. कुणी सुपरहीरो नाही, कुणी नाचणारी नटी नाही. आहे काय, तर मंगळागौरीची स्पर्धा आणि वर्षानुवर्षं मनात साठलेली अढी. गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून घोळक्याने थिएटरात गेल्या. सिनेमाने पंचाहत्तर कोटींवर मजल मारली. त्याआधी २०२१ मध्ये ‘झिम्मा’लाही अशीच गर्दी झाली होती. मग २०२३ मध्ये ‘झिम्मा २’ही आला. दुसऱ्या भागाला माझी ना नाही, बरं का! पण त्याच्या जोडीला एखादी अनोळखी गोष्टही यायला हवी, एवढंच म्हणणं आहे.

याच्या उलट ‘लापता लेडीज’चं बघा. किरण राव यांचा हा सिनेमा १ मार्च २०२४ ला थिएटरात लागला, तेव्हा फारशी गडबड झाली नाही. एप्रिलअखेरीस तो नेटफ्लिक्सवर आला आणि मग घरोघरी ‘अगं, पाहिलास का?’ सुरू झालं. कौतुक झालं, पण थिएटरची वेळ निघून गेल्यावर.

सिनेमाचे खेळ ठेवायचे की काढायचे, हे बरंचसं पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर ठरतं. म्हणून मैत्रिणींनो, नव्या गोष्टीचा एखादा सिनेमा आपल्या गावात किंवा जवळच्या शहरात लागला, तर पहिल्याच शनिवार-रविवारी जा. भिशीतल्या चौघींना, शेजारच्या काकूंना, कॉलेजातल्या लेकीला बरोबर घ्या. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणाल, तर तोवर त्याचा सकाळी साडेनऊचा एकच खेळ उरलेला असेल. आणि साडेनऊला आपण कुठे असतो, हे काय मी सांगायला हवं?